टाकलेल्या दोन राण्या

ती पेटी मला सापडली तेव्हा मी काहीही शोधत नव्हते, हे आधीच सांगून टाकते, कारण माझी लेक आजही म्हणते की मी शोधत होते. धुतलेल्या चादरी तिच्या कपाटात ठेवायला गेले आणि खालच्या खणात हाताला काहीतरी जड लागलं. ॲल्युमिनियमची चपटी पेटी. कुलूप नव्हतं, म्हणून उघडली. आत रांगेनं लावलेल्या लाल, निळ्या, पांढऱ्या जाड चकत्या आणि मधल्या खाचेत पत्त्यांचे दोन कॅट. मी तिथेच पलंगावर बसले. चादरी मांडीवर तशाच राहिल्या.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. लेस्टरला येऊन आम्हाला तीस वर्षं झाली होती. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये स्लाइड बघत होते आणि सव्वीस वर्षांची माझी एकुलती एक लेक त्याच हॉस्पिटलात फार्मसिस्ट होती, आमच्याबरोबरच राहत होती. आमचे हे आदल्याच दिवशी तीन आठवड्यांसाठी बहिणीकडे सांगलीला गेले होते. म्हणजे घरात भांडायला आम्ही दोघीच.

आता पत्ते बघून एवढं काय झालं, असं कोणालाही वाटेल. तर माझ्या वडिलांचं सांगायला हवं. अण्णा शाळामास्तर होते. दारू नाही, विडी नाही, कधी आमच्यावर हात उगारला नाही. दर रविवारी दुपारी गावातल्या क्लबात रमी खेळायला जायचे. त्यांनी घर घालवलं, दागिने विकले, असलं काही झालं नाही. तिथे पैसे लावायची पद्धतच नव्हती. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांना उठता यायचं नाही. कोणी बोलवायला गेलं की खिडकीतून म्हणायचे, "हा शेवटचा डाव." तो डाव कधी शेवटचा नसायचा.

मी इंटर सायन्सला चांगले मार्क मिळवले होते. मला डॉक्टर व्हायचं होतं. पुण्याला प्रवेशाची मुलाखत होती, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. आमच्या गावाहून पुण्याला जाणारी शेवटची एसटी चार वाजता सुटायची. अण्णा माझ्याबरोबर येणार होते. रविवार होता. म्हणाले, ट्रंक घेऊन क्लबापाशी ये, समोरच स्टँड आहे, तिथूनच जाऊ. मी साडेतीनला जाऊन क्लबाच्या ओट्यावर ट्रंक ठेवली आणि तिच्यावर बसले. मुलींनी आत जायचं नसे. खिडकीतून अण्णांनी मला पाहिलं, हात केला, म्हणाले, "हा शेवटचा डाव." चार वाजता एसटी आली, भरली आणि माझ्या डोळ्यांसमोर गेली. दिवे लागले तेव्हा अण्णा बाहेर आले आणि माझ्याकडे बघून त्यांनी अगदी खऱ्या आश्चर्यानं विचारलं, "अगं, तू अजून इथेच?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दुपारी तीनला पुण्यात पोहोचलो. यादी लागून गेली होती. मग मी बीएस्सी केलं, लॅबचा डिप्लोमा केला, लग्न करून इकडे आले. वाईट काही झालं नाही. पण त्या गोष्टीवर अण्णांशी मी कधी बोलले नाही, तेही कधी बोलले नाहीत, आणि मग ते गेले. लेकीला हे काहीच माहीत नव्हतं. तिला आजोबा म्हणजे हार घातलेला फोटो, एवढंच.

तर त्या संध्याकाळी ती ड्यूटीवरून आली तेव्हा पेटी जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलेली होती.

"ही काय भानगड आहे?"

"पोकर आहे, आई. तू माझा कपाट उघडला?"

"जुगार म्हण."

"जुगार नाही गं. पबमध्ये संडेला लीग असते. फ्री असते. जिंकला तर पॉइंट्स मिळतात, आणि वर्षाच्या शेवटी एक छोटा कप."

"म्हणजे पैसे लागतच नाहीत?"

"नाही लागत. सीरियसली."

तिला वाटलं, हे ऐकून माझा जीव भांड्यात पडेल. झालं उलटंच. पैसे लावून खेळणारा निदान खिसा रिकामा झाला की उठतो. फुकट खेळणाऱ्याला उठवणार कोण? मी तिला वाट्टेल ते बोलले. खाण तशी माती, असंही म्हणाले, आणि ती खाण कोणती हे मात्र सांगितलं नाही. मग तीन दिवस आमचा अबोला. "जेवण झाकून ठेवलंय" आणि "कचऱ्याचा बिन बाहेर ठेव", एवढंच काय ते बोलणं.

चौथ्या दिवशी ती माझ्यासमोर चहाचा कप ठेवून म्हणाली, "आई, तू लॅबमध्ये स्लाइड न बघता रिपोर्ट देते का?"

"नाही."

"मग हा पण आधी बघ. शिक. नंतर पाहिजे तेवढी भांड."

कार्टीला बरोबर माहीत होतं मला कुठे टोचायचं ते. मी म्हटलं, ठीक आहे. पण त्या चकत्या माझ्या जेवणाच्या टेबलावर चालणार नाहीत. म्हणून मग डब्यातला राजमा काढला, प्रत्येकीला पन्नास दाणे, आणि संध्याकाळी सहाला चहा झाल्यावर आमचा वर्ग सुरू झाला.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पानं वाटतात, ती झाकून ठेवायची. मग टेबलाच्या मध्ये पाच पानं उघडी पडतात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. ती सगळ्यांची. आपली दोन आणि मधली पाच, यांतून पाच पानांचा त्यातल्या त्यात चांगला संच जमवायचा. दर टप्प्याला कोणीतरी राजमा पुढे सरकवणार. आपणही तेवढा सरकवून सोबत जायचं, नाहीतर वाढवायचा, नाहीतर पानं टाकून देऊन गप्प बसायचं. संपलं. हे मला दहा मिनिटांत कळलं आणि पुढच्या पंधरा मिनिटांत माझा सगळा राजमा तिच्याकडे गेला.

"आई, तू प्रत्येक हात का खेळते?"

"वाटलेली पानं टाकून द्यायची?"

"हो. दहापैकी सात वेळा तरी."

मला ते पटेना. लहानपणापासून ऐकत आले होते की ताटात वाढलेलं टाकायचं नाही. कारल्याची भाजी असली तरी गिळायची. तीच सवय हाताला. पंजी आणि दुर्री आली, एक बदामाची, एक किलवरची, कशाचा कशाशी मेळ नाही, तरी मी आपली सोबत जायचे. आलंय वाट्याला तर खेळावं, असं वाटायचं. लेक कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, हे जेवण नाहीये."

मग तिनं मला खेळणाऱ्यांचे प्रकार समजावले. काही लोक थोडेच हात खेळतात, काही सगळेच. काही जोरात खेळतात, स्वतःहून वाढवतात, आणि काही नुसतेच दुसऱ्याच्या मागे जातात. तिची इंग्रजी नावं माझ्या डोक्यात शिरेनात. मग मी माझ्या भाषेत लावून बघितलं. म्हटलं, बेलग्रेव्ह रोडवरच्या साडीच्या दुकानात बसल्यासारखं आहे हे. एक बाई येते, दोनच साड्या काढायला लावते, भाव ठणकावून सांगते आणि घेऊन जाते. दुसरीही दोनच बघते, पण दुकानदारानं सांगितलेला भाव मुकाट्यानं देते. तिसरी अख्खं दुकान खाली काढायला लावते आणि वर मोठ्यानं घासाघीस करते. चौथी अख्खं दुकान खाली काढते आणि पुढ्यात येईल ते घेऊन घरी येते.

लेक हसून हसून लाल झाली. म्हणाली, "बेस्ट पहिली. तिसरीला घाबरायचं. चौथीकडून सगळे जिंकतात."

"आणि मी?"

"तू चौथी, आई."

खोटं कशाला बोला, मला राग आला. पण ती पुढे जे म्हणाली ते मनात रुतून बसलं. म्हणाली, "तुला जिंकायचा नसतोच. तुला माझी पानं बघायची असतात. तुला माहीत नसलं की तू राहूच शकत नाही. म्हणून शेवटपर्यंत राजमा टाकत राहते." साडीची घडी उलगडून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे खरंच आहे. आणि चादरी ठेवायला गेलेल्या बाईनं पेटी का उघडली, हेही तिनं त्यातच सांगून टाकलं होतं.

पण शिकत गेले. लॅबमधून घरी येताना बसमध्ये माझ्या डोक्यात एक्के-राजे फिरू लागले. सगळ्यांच्या शेवटी बोलायची पाळी आली तर ते सगळ्यांत चांगलं, हे तिनं सांगायच्या आत मला कळलं. नव्या सुनेला सासरी हे पहिल्या आठवड्यात कळतं. आधी सगळ्यांना बोलू द्यावं, मग आपण तोंड उघडावं. हातात काही नसताना जोरात लावायचं, तेही पटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त लेक म्हणाली की मूठ झाकायची तर आधी तासभर गप्प बसून लोकांचा विश्वास मिळवावा लागतो. जो सारखाच गुरगुरतो त्याला कोणी भीत नाही.

या सगळ्यात मी तिच्यावर नजर ठेवून होते. ती पानं उचलायची, बघायची आणि बहुतेक वेळा टाकून द्यायची. एकदा तर हातात दोन राजे असताना टाकले. मी वाढवलं होतं म्हणून. "तू कधीच वाढवत नाही. तू वाढवलं म्हणजे तुझ्याकडे एक्के आहेत," म्हणाली. होतेच. मनात म्हटलं, पोरगी शहाणी आहे. पण लगेच दुसरं मन म्हणालं, घरात, आईसमोर, राजम्याचे दाणे टाकून उठायला काय लागतं? अण्णाही घरच्या डावातून वेळेवर उठायचे. दुधानं तोंड पोळलेलं होतं माझं. मला तिला तिथे, पबातल्या त्या खुर्चीत बघायचं होतं.

मी दिवस मुद्दाम निवडला. तिसऱ्या रविवारी हे परत येणार होते. हीथ्रो विमानतळावरून कोचनं, म्हणजे लांबच्या बसनं, लेस्टरला, संध्याकाळी पाचला. ह्यांचे गुडघे दुखतात, दोन मोठ्या बॅगा, आणि मोबाइल घरीच चार्जरला लावून गेलेले. आम्ही पोहोचलो नाही तर ते कोच स्टेशनवर बॅगेवर बसून राहणार, दुसरं काय करणार? लेकीनं त्यांना कबूल केलं होतं की ती गाडी घेऊन येईल. आणि दोन वाजता तिची लीग होती. म्हणाली, "साडेचारला निघेन. आरामात पोहोचेन."

"मी येते तुझ्याबरोबर," मी म्हटलं. "बघायला."

ती खूश झाली. तिला काय माहीत मी काय बघायला चालले होते.

तीस वर्षांत मी पबात एकदाच गेले होते, लॅबमधल्या कोणाच्या तरी निरोपाला. हा पब आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. वरच्या मजल्यावर एक लांब खोली, गालिच्याला बिअरचा वास, आणि तेव्हा आत सिगारेट ओढायला बंदी आली नव्हती, त्यामुळे छताखाली धुराचा थर. दोन टेबलं, हिरवं कापड अंथरलेली. पंधराएक माणसं. लीग चालवणारे एक म्हातारे गृहस्थ होते, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांनी मला अदबीनं सांगितलं की खेळणाऱ्यांच्या मागे कोणी उभं राहायचं नाही, पानं दिसतात. "खेळायचं असेल तर बसा, लव्ह. एक खुर्ची रिकामी आहे. नाहीतर खाली कॉफी चांगली मिळते." इकडे अनोळखी बाईलाही लव्ह म्हणतात.

लेक म्हणाली, "आई, तू खाली बस. मी येते साडेचारला."

खाली बसून वाट बघायची? ते मी एकदा केलं होतं. मी कार्डिगन सारखं केलं आणि त्या रिकाम्या खुर्चीत बसले.

माझ्या टेबलावर आठजण. लेक दुसऱ्या टेबलावर. तिनं गाडीत सांगितलेलं होतं की पहिला तास काही करू नको, फक्त टाकत राहा. मी टाकत राहिले. पानं उचलायची, वाकून कोपरा बघायचा, टाकायची. राणी-छक्की टाकली, गुलाम-चौकी टाकली. पहिल्यांदा हात कचरायचा, ताटात टाकल्याचं पाप लागेल असं वाटायचं. मग सवय झाली. उलट बरंच वाटायला लागलं. कारलं आलं तर खायलाच हवं असं नाही, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळत होतं. मध्येच मान वळवून लेकीकडे बघत होते. ती शांत बसलेली, फार्मसीच्या खिडकीत बसते तशी.

साडेतीनच्या सुमाराला माझ्याकडे सत्ती-दुर्री आली. याहून वाईट हात या खेळात नाही. मी टाकणारच होते. पण समोर प्लास्टरिंगचं काम करणारा एक धिप्पाड माणूस बसला होता, हातभर गोंदलेला. त्यानं वाढवलं आणि माझ्याकडे न बघताच आपला ग्लास उचलला. मी जणू तिथे नव्हतेच. मला ते झोंबलं. मी माझ्या चकत्यांचा अख्खा ढीग पुढे सरकवला.

त्यानं ग्लास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, माझ्या कार्डिगनकडे, कुंकवाकडे बघितलं. मी मध्ये पडलेल्या चकत्यांकडे बघत बसले. शेवटी त्यानं आपले दोन गुलाम सगळ्यांना उताणे करून दाखवले आणि टाकले. "या बाईंनी दोन वाजल्यापासून काही खेळलेलं नाही. यांच्याकडे एक्केच आहेत," असं तो शेजाऱ्याला म्हणाला. मी माझी पानं झाकलेलीच परत दिली आणि चकत्या ओढून घेतल्या. माझे कान गरम झाले होते. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

त्यानंतर मी काय काय केलं ते नीट आठवतही नाही. एकेक माणूस बाहेर पडत गेला. सव्वाचारच्या आसपास दोन्ही टेबलांचं एक टेबल झालं, सातजण उरले, आणि माझी लेक माझ्या समोर येऊन बसली. तिच्यासमोर सगळ्यांत मोठा ढीग होता. दुसरा माझा. भिंतीवर घड्याळ होतं. मी ते बघितलं नाही. मी जे बघायला आले होते ते बघायचं मी विसरले होते.

नवा हात वाटला गेला. मी कोपरा उचलून बघितलं. राणी, आणि तिच्या मागे आणखी एक राणी. दुपारभरात एवढं चांगलं काही आलं नव्हतं. मी चेहरा दगडासारखा ठेवला.

समोर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लेक उभी होती. तिनं आपली दोन पानं बघितली होती, ती टाकली होती, आणि ती कोट घालत होती. तो सगळ्यांत मोठा ढीग तसाच टेबलावर सोडून. म्हाताऱ्या गृहस्थांना ती म्हणाली की तिला जायचं आहे, वडिलांना आणायचं आहे. ते म्हणाले, अगं, आज तू जिंकतेयस. ती हसून म्हणाली, नेक्स्ट संडे. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "चल आई, साडेचार झाले. बाबा."

आणि मी, मान वर न करता, म्हणाले, "हा शेवटचा डाव."

मी म्हणाले ते. माझ्याच तोंडातून आलं ते. त्या खोलीत मराठी कळणारे आम्ही दोघीच होतो आणि तिला त्या शब्दांचं काहीच वाटलं नाही. तिला ते कुठे माहीत होते? मला मात्र खिडकी दिसली, खिडकीतला अण्णांचा हात दिसला. ते चेहऱ्यानं अजिबात वाईट माणूस दिसत नव्हते. मला आत्ता जितकं बरं वाटत होतं तितकंच त्यांना तिथे वाटत असणार.

लेक ओरडली नाही, रागावली नाही. टेबलाला वळसा घालून आली, माझा कोट खुर्चीच्या पाठीवरून काढला आणि दोन्ही हातांत उघडा धरून उभी राहिली. लहानपणी मी तिचा शाळेचा कोट धरायचे तसा. माझ्यापुढे दोन राण्या होत्या. समोरच्यांकडे काय आहे ते मला बघायचं होतं, फार फार बघायचं होतं. मध्ये पडणारी पाच पानं बघायची होती. मी दोन्ही राण्या झाकलेल्याच पुढे सरकवल्या आणि उठले. पहिला हात बाहीत जाईना. तिनं तो घालून दिला.

ती गाडी चालवताना दोनदा माझ्याकडे बघून घेत होती. कोच स्टेशनला आम्ही पाचला पाच कमी असताना पोहोचलो, आणि तिथे फळ्यावर लिहिलेलं होतं की मोटरवेवर ट्रॅफिक आहे, कोच पंचवीस मिनिटं लेट.

लेक म्हणाली, "ओ नो. तुझा डाव झाला असता की, आई."

"नाही झाला तेच बरं," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. तिथे बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. ती घाबरली. मग मी तिला सगळं सांगितलं. अण्णा, क्लब, ट्रंक, चारची एसटी, पुणं, सगळं. इतक्या वर्षांत ह्यांच्याशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. आणि हेही सांगितलं की आज मी पोकर बघायला आले नव्हते, तू उठतेस की नाही ते बघायला आले होते.

तिनं माझा हात धरला. मग म्हणाली, "आणि मग उठत कोण नव्हतं?"

मी हसायला लागले. डोळे पुसत हसायला लागले. इतके दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं. अण्णांचं रक्त कोणाकडे आलंय याची मला काळजी होती, तर ते सगळंच्या सगळं माझ्याकडे आलं होतं आणि माझी लेक त्यातून सहीसलामत सुटली होती. आणि मीही उठू शकत होते. कोणी कोट धरून उभं राहिलं तर. अण्णांपाशी कोणी आत जाऊन तसं उभं राहिलं नाही. मीही नाही. मी ओट्यावर बसून राहिले, मनातल्या मनात जळत राहिले, आणि माणसानं स्वतःहून उठावं अशी वाट बघत राहिले. चूक त्यांचीच होती, ते मी आजही म्हणते. पण त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला नाही.

"तुझ्याकडे काय होता, आई? शेवटी?"

"दोन राण्या."

तिचे डोळे मोठे झाले. "दोन राण्या टाकली तू?"

"टाकल्या. आणि तुझ्याकडे काय होतं?"

"नाही सांगणार. बघायचं तर राजमा लावायला लागतो."

"नको सांगू," मी म्हटलं. आणि खरं सांगते, मला ते न कळताही चाललं. आजपर्यंत तिनं सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

पाच पंचवीसला कोच आला. हे सगळ्यांच्या शेवटी उतरले, एकेक पायरी धरून, गळ्यात मफलर, हातात चितळ्यांची नव्हे, बहिणीच्या घरची चकल्यांची पिशवी. आम्हाला बाकावर बघून ते थबकले. तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना आणायला कधी वेळेवर गेले नव्हते, हे इथे कबूल करायला हवं.

"अगं," ते म्हणाले, "तू आधीच येऊन बसलीस?"

"हो," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातातली पिशवी घेतली.